माळावरची वस्ती



मागच्या महिन्यात नागपूरला जाणं झालं. भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता. देऊळगाव राजाहून निघालो, सिंदखेडराजाला समृद्धीवर चढलो. गाडी मोठा मुलगा चालवत होता. पिंपळखुट्याजवळून जाताना मी नेहमीप्रमाणे णमोकार म्हटला. १ जुलै २०२३ च्या रात्री तिथं खासगी बस जळाली आणि २५ माणसं गेली, तेव्हापासून त्या जागेवरून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात.

मेहकर जवळ आलं तसं मी मुलाला म्हटलं, "जरा हळू घे रे, आपलं वावर येतंय." तो म्हणाला, "आई, इथं थांबता येत नाही." मी खिडकीला नाक लावून बसले. कुंपण, मुरमाचा भराव, एक मोरी, परत कुंपण. संपलं. मी म्हटलं, गेलं का? तो म्हणाला, मागेच गेलं.

कॉमर्सवाल्या बाईला हिशोबाची खोड. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. आमच्या वावरातून रस्ता ६०० मीटर गेलाय. म्हणजे १८ सेकंद. माझं बालपण, आईचं सगळं आयुष्य आणि माळावरच्या आठ घरांची वस्ती अठरा सेकंदांत मागे पडली. तेवढ्यात सुनेनं विचारलं, "आई, चिवडा काढू का?"

तिचं काही चुकलं नाही. तिनं तिथं पाहिलंच काय होतं? म्हणून आज लिहायला बसले. दादा हे वाचणार नाही. वहिनी वाचते, मला माहीत आहे.

माझं माहेर मेहकर तालुक्यातलं, म्हणजे घाटावरचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं घरातल्या गोष्टी येणार आहेत. आपल्याकडे सैतवाळांची घरं म्हणजे दुकानही आणि शेतीही. बाहेरचे लोक विचारतात, जैन आणि शेती? नांगराखाली जीव मरत नाहीत का? बाबा सांगायचे, आदिनाथ भगवंतांनी असि, मसि, कृषी शिकवली, त्यात कृषी आहे. उद्योगी हिंसा गृहस्थाला टळत नाही, संकल्पी टळते, ती टाळायची. त्यांनी पऱ्हाटी वावरात कधी जाळली नाही. उपटून वस्तीवर द्यायचे, चुलीसाठी आणि कुडासाठी.

वावर २२ एकर. खाली ओढ्याकडे काळं रान, त्यात कपाशी आणि तूर. मध्ये ज्वारी, मूग, उडीद. वर बरड, आणि त्याच्याही वर माळ. ओढ्याजवळ दगडी बांधाची विहीर, ४५ फूट खोल. विहिरीच्या काठी चार आंबे, त्यातला एक शेंदऱ्या. त्याची कैरी इतकी आंबट, की आई लोणच्याला दुसरी हातात धरायची नाही.

आई चातुर्मासात आणि सोंगणीला वावरातल्या कोठ्यावर राहायला यायची. आली की पहिलं काम पाणी गाळायचं. दुहेरी जाड कापड, वर कळशी, आणि गाळून झालं की ते कापड गाळलेल्या पाण्यानं विसळून जिवाणी परत त्याच विहिरीत. वरून फेकायची नाही. बुडाला कडी असलेली बादली होती. ती सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की झटका द्यायचा, मग ती उलटी व्हायची. मी शाळकरी असताना मला हा खेळ वाटायचा. एकदा घाईत वरूनच ओतली, तर आईनं मला दिवसभर गूळ दिला नाही. ज्याचं घर जिथं, त्याला तिथंच सोडायचं, इतकंच म्हणाली.

माळावर वस्ती होती. मजुरांची आठ घरं. तुराट्यांचे कुड, वर मातीचा लेप, कुणाचं पत्र्याचं छप्पर, कुणाचं पाचटाचं. दोन घरं धनगरांची, तीन बौद्धांची, बाकी इकडून तिकडून आलेले. यात आमचे सालदार. त्यांना आम्ही सालदारबाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मावशी. पाडव्याला साल ठरायचं. इतके पोते ज्वारी, इतके रुपये, एक घोंगडी, एक चपलांचा जोड. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. दुसरे सालदार दर वर्षी घर बदलत, आमचे बदलले नाहीत.

कापसाची पहिली वेचणी असेल त्या दिवशी मावशी सीतादही करायची. वावराच्या कोपऱ्यात पाच खडे मांडून दहीभात. हे आपल्यातलं नाही, पण दही आईच द्यायची. "त्यांची रीत त्यांना," म्हणायची आणि स्वतः लांब उभी राहायची.

लांब उभं राहणं आमच्याकडे बरंच होतं. ते लिहिल्याशिवाय पुढं गेले तर ही आठवण खोटी होईल. १९७२ पर्यंत वस्तीवरच्या कुणी आमच्या विहिरीला हात लावत नसे. ओढ्यात झिरा खणून ते वाटी वाटीनं पाणी भरत. आई पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची इतकी काळजी करायची, आणि माळावरून दोन घागरी घेऊन उतरणारी, सहा महिन्यांची पोटुशी बाई तिला दिसायची, पण नियम म्हणून दिसायची नाही. आईला नावं ठेवायला मी बसलेली नाही. मीसुद्धा तेच करत होते.

७२ च्या दुष्काळात झिरा आटला. सरकारी कामावर खडी फोडायला वस्ती जायची आणि संध्याकाळी लाल मिलोच्या भाकरी थापायची. विहिरीतही पाणी तळाला गेलं होतं. बाबांनी एक दिवस सुताराला बोलावलं आणि विहिरीच्या पलीकडच्या अंगाला दुसरं चाक बसवलं. हे चाक आमचं, ते वस्तीचं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं गाळायच्या कापडाचा एक तुकडा फाडून मावशीला दिला. विहीर एक, चाकं दोन. पुरतं शहाणपण आलं होतं असं नाही, पण पाणी मिळत होतं. पुढं ८० नंतर वीज आली, मोटर बसली, आणि दोन्ही चाकं गंजून गेली.

त्या विहिरीवर मुनिमहाराजांचे पाय लागले आहेत. शिरपूरहून, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं दर्शन करून विहार करत जालन्याकडे निघालेला संघ एकदा आमच्या कोठ्यावर रात्री थांबला. सकाळी चौका लागला, सगळा गाव लोटला. वस्तीही आली आणि माळाच्या कडेला बसून राहिली. महाराजांनीच हात करून जवळ बोलावलं. सालदारबाबांनी त्या दिवशी दारू सोडायचा नियम घेतला आणि मरेपर्यंत पाळला. आपल्यातल्या ज्यांनी त्याच दिवशी तंबाखूचा नियम घेतला होता, त्यांची नावं मी इथं लिहीत नाही.

आता वहीची गोष्ट.

मी आठवीत गेले तेव्हापासून बाबांची वही मी लिहायचे. अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नाही म्हणून. एकाधिकार खरेदी नुकतीच सुरू झालेली. कापसाचा चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, त्याचं पान वेगळं. वेचणारणींचं वजनावरचं पान वेगळं. आणि सालदारबाबांचं एक पान: उचल, दिलेली ज्वारी, खाडे. खाडा म्हणजे न आलेला दिवस. तो सालातून कापायचा. मला त्या वहीचा फार अभिमान होता. पुढं खामगावला राहून नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झाले तेव्हा लोक विचारत, एवढं शिकून काय करणार. मी म्हणायचे, मी आधीपासूनच हिशोबनीस आहे.

१९८१ ला लग्न झालं. ८४ ला मुलाला घेऊन माहेरी आले होते, तो सात महिन्यांचा. सालदारबाबांचे गुडघे गेले होते, त्यांच्यानं वखरामागं चालवत नव्हतं. बाबा त्यांना घेऊन माळावर निघाले, मी मागून, मुलगा कडेवर. बाबांनी पावलं मोजली, चार कोपऱ्यांना चार गोटे ठेवायला लावले आणि म्हणाले, "हे अर्धा एकर तुझं. पेर, नाही तर घर बांध." सालदारबाबा काही बोलले नाहीत. ते खाली वाकले आणि एक गोटा नीट बसत नव्हता तो दाबून बसवला.

तिथं त्यांनी पक्क्या विटांच्या दोन खोल्या बांधल्या. दारात निंब, मागं बोर. उरलेल्या जागेत ज्वारी आणि आंबाडी. मी माहेरी गेले की मावशी मला आंबाडीची भाजी बांधून द्यायची. तेहतीस वर्षं त्यांनी ती जमीन खाल्ली. कागद कुणी केला नाही. बाबांना वाटलं शब्द पुरे आहे. मी तर व्यापारी कायदा शिकलेली, तोंडी दिलेली जमीन नोंदल्याशिवाय दान होत नाही हे परीक्षेत लिहून आलेली. मीही बोलले नाही. बाबांना कागद करा म्हणणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घेणं वाटलं असतं. की मला आठवलंच नाही? आता खरंच सांगता येत नाही.

बाबा १९९६ ला गेले, आई २००९ ला. सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. वस्तीही विरत चालली होती. सोयाबीन आलं, यंत्रं आली, पोरं पुण्याला आणि जालन्याच्या कारखान्यांत गेली. आठातली तीन घरं उरली. सालदारबाबाही गेले. मावशी, तिचा मुलगा आणि नातू राहिले.

मग समृद्धी आली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, १२० मीटर रुंदीची पट्टी, आणि आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा असे चार तालुके. मोजणीच्या खुणा आल्या तेव्हा कळलं, आमच्या २२ एकरांतले जवळजवळ १८ जाणार. उरलेल्या चाराच्या दोन चिरफळ्या, एक रस्त्याच्या या अंगाला, एक त्या. थेट खरेदी, पाचपट भाव. विरोध झाला, मोर्चे झाले, आणि नंतर एकेक जण खरेदीखताला उभा राहिला. दादाही राहिला. त्यात मी त्याला दोष देत नाही. कपाशीनं कुणाचं भलं केलं होतं?

खरेदीच्या आधी मूल्यांकनाची यादी आली. विहीर १, दगडी बांधकाम. आंबा ४. निंब २. कोठा १. दादानं फोनवर वाचून दाखवली. मी विचारलं, "मावशीचं घर?" तो म्हणाला, "घराचे त्यांचे त्यांना मिळतील." "आणि जमिनीचे?" तो थांबला. "कागद कुठाय?"

मैत्रिणींनो, इथं थोडं कायद्याचं सांगते, तुमच्यापैकी कुणाला तरी लागेल. आपल्याला वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं मुलाइतकीच वाटेकरी झाली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. पण नोंदवलेलं हक्कसोडपत्र म्हणजे दिलेलं दान, ते परत मागता येत नाही. आमचं हक्कसोडपत्र २०१७ चं. आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणून तिथं तीन वर्षं राबणारा शेतमजूरही धरला आहे. पण आमची होती थेट खरेदी, आणि खरेदीखताला विचारतात सातबारा.

ताईनं लगेच सही केली. मी आठ दिवस लांबवली. माझ्या मनात एक अट होती. मला माझा हिस्सा नको, पण मावशीच्या वीस गुंठ्यांचे पैसे मावशीला द्या. दर काढला होता, ६ लाख ४० हजार होत होते. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "देऊ ना काहीतरी. बाबांचा शब्द मला ठाऊक नाही का?" कार्यालयाच्या बाहेर झाडाखाली आम्ही उभे होतो. वहिनीनं थर्मासमधून चहा ओतला. माझ्या मनात आलं, हे लिहून घ्यावं. पाठच्या भावाकडून लिहून घ्यायचं? मी आत गेले, अंगठा आणि सही दिली. बाबांनी ८४ ला केलं तेच मी २०१७ ला केलं, आणि मी तर बी.कॉम.

दादानं मावशीला ५० हजार दिले. आम्हा बहिणींना माहेरची ओटी म्हणून दोन-दोन लाख आणि साडी.

घर रिकामं करायला गेले तेव्हा माळ्यावर त्या वह्या सापडल्या. उंदरांनी कडा खाल्लेल्या. मी उभ्याउभ्याच चाळत होते. १९७३ चं पान. माझं अक्षर, ठळक, उजवीकडे झुकलेलं. भाद्रपद, खाडे ४. त्या भाद्रपदात मावशीची तान्ही मुलगी हगवणीनं गेली होती. आमचे दशलक्षण चालू होते, आम्ही रोज मंदिरात, उत्तम क्षमा, उत्तम मार्दव. आणि मी सालदारबाबांच्या पानावर चार खाडे लिहून बेरजेतून वजा केले होते. बाबांनी तपासून खाली सही केलेली. खाड्याचं कारण लिहायला वहीत रकाना नव्हता.

ती वही मी घरी आणली. ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "ओटीचे दोन लाख तुझे आहेत, तुला पटेल तिथं दे." मावशीच्या नावानं ठेव केली. पासबुक द्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, "हे कुणाचे माय?" आणि मी पटकन म्हणाले, "दादानं दिलेत." का म्हणाले? माहेरची अब्रू. बाईला ती सुटत नाही.

पाठशाळेत शिकलोय, न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. इथं तर बाबांनी दिलेलं होतं आणि आम्ही ते परत घेतलं. दर वर्षी क्षमावाणीला मी दादाला फोन करते. तो म्हणतो उत्तम क्षमा, मी म्हणते उत्तम क्षमा, वर्षभरात जाणता-अजाणता. ते वीस गुंठे जाणतातले की अजाणतातले, दोघंही विचारत नाही. फोन ठेवला की मला वहीचा शेवटचा रकाना दिसतो. बाकी, पुढच्या पानावर नेली.

६ लाख ४० मधून ५० हजार आणि दोन लाख गेले, उरले ३ लाख ९०. २०२१ च्या जानेवारीपासून माझ्या व्याजातून महिन्याला तीन हजार नातवाच्या खात्यावर पाठवते. साठ हप्ते झाले, १ लाख ८० हजार. अजून २ लाख १० हजार आहेत. मी ६६ ची. हिशोब करा, सत्तर महिने.

नागपूरहून परत येताना मुलाला म्हटलं, मेहकरला उतर. तो कुरकुरला, पण उतरला. मावशी आता गावात नातवाकडे असते. ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान मात्र गेलेत. मला चाचपून म्हणाली, "काऊन वाळलीस गं?" तिच्या नातसुनेनं चहा टाकला. सूर्य कलला होता, म्हणून मी घाई केली.

मी विचारलं, वावराकडे जातेस का? म्हणाली, "काय ऱ्हायलं तिथं बाप्पा. मोरीतून जाता येतं, पर कुणासाठी जायचं?" नातू हसला. त्याची मोटरसायकल आहे, पण समृद्धीवर दुचाकीला मनाई, त्यामुळे आजोबांच्या घरावरून तो अजून एकदाही गेलेला नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, त्या दिवशी तो कुंपणाशी उभा राहून गाड्या बघून आला होता. तेव्हा त्याला चौथा गोटा दिसला. तीन भरावाखाली गेले, हा एक कुंपणाच्या बाहेर राहिलेला. त्यानं तो गाडीवर घालून आणला. आता अंगणात मोरीजवळ आहे. नातसून त्यावर कपडे आपटते.

विहिरीचं मी विचारणार नव्हते, तरी विचारलं. बुजवली त्या दिवशी कुणी होतं का? मावशी म्हणाली, "मी व्हते की. तुझी आई असती तर म्हनली असती, थांबा, आधी जिवाणी सोडते." आणि बोळक्या तोंडानं हसली. मला हसू आलं नाही.

निघताना तिनं माझा हात धरला. "तुझ्या दादाला सांग, दर महिन्याला येतेत पैसे. बापाचा शब्द पाळला त्यानं. त्याच्या लेकराबाळांचं भलं व्हईल." नातू दारात उभा होता. त्याला सगळं माहीत आहे. पैसे कुणाच्या नावावरून येतात ते त्याच्या मोबाइलवर दिसतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून चप्पल घातली, मला गाडीपर्यंत सोडायला.

मी म्हणाले, "सांगते."

गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, खरं सांगून टाकायचं होतंस." मी म्हटलं, जुन्या रस्त्यानं घे. सुलतानपूर, बीबी, दुसरबीड करत आलो, दोन ठिकाणी खड्ड्यांत गाडी घासली, घरी पोचायला रात्र झाली. त्या दिवशी माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

वहिनी, हप्ता पाच तारखेला जातो.